बोटीत सबवूफर बसवायचाय? आधी जागा ठरवा, करवत नंतर उचला

नागपुरात समुद्र नाही, पण चहूबाजूंनी तलाव आणि धरणं आहेत. त्यामुळे हौस करायची म्हटलं तर बोटीला पाणी कमी पडत नाही. आमच्या भाऊजींना ही हौस तीन वर्षांपूर्वी लागली. त्यांनी जुनी 17 फुटी फायबरची बोट घेतली, 40 एचपीच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, इंजिनासकट. बोट आमच्या मानेवाड्याच्या घरी पोर्चमध्ये ट्रेलरवर असते आणि रीतसर परवानगी काढून सुटीच्या दिवशी तासाभराच्या अंतरावरच्या एका जलाशयात उतरते. गाणी वाजायची, पण बेस, म्हणजे ढोल-डग्ग्याचा खालचा घुमणारा सूर, नव्हता. म्हणून सबवूफर, म्हणजे खास बेससाठीचा मोठा स्पीकर, बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कारमध्ये मी तो आधी बसवला होता.

कारचा तो अनुभवच नडला. स्टिअरिंगच्या कंसोलमध्ये, म्हणजे चाक बसवलेल्या उभ्या खोक्यात, दहा इंची भोक पाडलं, सबवूफर बसवला आणि पोर्चमध्ये वाजवून पाहिला. खिडकीच्या काचा थरथरल्या, शेजारच्या काकू बाहेर आल्या. आम्ही खूश. पुढच्या रविवारी बोट पाण्यात गेली, तेच गाणं लावलं, तर बेस नाहीच. भाचा म्हणाला, "मामा, आवाज कुठी गेला?"

आवाज पोर्चमध्येच राहिला होता. तिथे तीन बाजूंना भिंती आणि वर स्लॅब, पाण्यावर यातलं काहीच नाही. ते भोक आजही बोटीत आहे. त्याच्यावर झाकण बसवून आत दोरखंड ठेवतो. दुसऱ्यांदा बसवताना जे नीट केलं, ते पुढे क्रमाने सांगतो.

1. कारचं गणित डोक्यातून काढा

कारच्या बंद केबिनमध्ये खालचे सूर आपोआप फुगतात. उघड्या बोटीत ही फुकटची मदत मिळत नाही. त्यात उघड्यावर, आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, आणि तो भरून काढायला चौपट वॅट लागतात. म्हणजे तुमच्यापासून एक मीटरवर असलेला सबवूफर दोन मीटरवर नेला, तर 250 वॅटचं काम करायला 1000 वॅट हवेत. जागेचा विचार आधी का, ते यावरून कळेल. पैसे वॅटवर घालण्याआधी अंतरावर बचत करा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. 50 हर्ट्झच्या सुराची एक लाट जवळपास 7 मीटर लांब असते, म्हणजे आमच्या अख्ख्या बोटीपेक्षाही लांब. इतक्या लांब लाटेची दिशा कानाला कळत नाही. त्यामुळे सबवूफरचं तोंड तुमच्याकडे असलंच पाहिजे असं नाही. तो सीटखाली, पायापाशी, आडोशाला चालतो.

आणि तिसरी गोष्ट, माझी मुख्य चूक. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा शंकू, पुढे ढकलला जातो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की बेस मरतो. आमच्या कंसोलची मागची बाजू वायरींसाठी उघडी होती. दहा इंची सबवूफर स्वतःचाच आवाज खात बसला होता.

2. जिथे बसवायचा नाही, त्या जागांवर आधी फुली मारा

कागदावर बोटीचा वरून दिसणारा नकाशा काढा. पेट्रोलची टाकी, बॅटरी, स्टिअरिंगची केबल, पाणी उपसायचा पंप, सामानाचे कप्पे, सगळं त्यात दाखवा. मग फुल्या मारत जा.

पेट्रोलची टाकी किंवा इंजिन असलेला बंद कप्पा: इथे सबवूफर नाही, ॲम्प्लिफायर (सबवूफरला ताकद देणारा डबा) तर नाहीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. एका ढिल्या जोडातली ठिणगी पुरे.

सीटखालच्या बंद पेट्या: यातल्या काही सामानाच्या नसतातच. लहान फायबर बोटींमध्ये फोम किंवा हवा भरलेले बंद कप्पे असतात, बोटीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. ज्या कप्प्याला मुळात झाकण नाही, त्याला हात लावू नका. आमच्या ओळखीच्या एका कारागिराने "इथं मस्त जागा आहे भाऊ" म्हणत नेमकं तिथेच पेन्सिलने वर्तुळ काढलं होतं.

लाइफ जॅकेटचा कप्पा: सोयीची जागा दिसते. पण जॅकेटं मग कुठे जातात? मागच्या टोकाला, पिशवीत, गाठ मारून. नको.

बोटीचा तळ, म्हणजे पाणी साचतं तो भाग: पावसाचं, अंगावरून गळलेलं, सगळं पाणी तिथेच येतं.

होकायंत्राजवळ: सबवूफरच्या चुंबकाने त्याची सुई फिरते. किमान एक मीटर अंतर ठेवा. आपल्या तलावांवर होकायंत्र कोण बघतो म्हणाल, पण बोट उद्या कोकणातल्या कुणाला विकलीत तर तो बघेल.

3. उरलेल्या जागांतून निवडा

बहुतेक लहान बोटींत तीन जागा उरतात.

कंसोलच्या आत, खालच्या बाजूला, तोंड चालकाच्या पायांकडे. पाऊस-ऊन लागत नाही, बसणारे जवळ असतात, आणि फरशी व बाजूच्या भिंतींच्या कोपऱ्यामुळे बेसला थोडा आधार मिळतो. पण अट एकच: कंसोल मागून पूर्ण बंद हवा, किंवा आत स्वतंत्र पेटी हवी. शिवाय पाय लागतात. जाड लोखंडी जाळी नसेल तर कोनाला पहिल्याच सहलीत लाथ बसते.

सीटखालचा सामानाचा कप्पा. आम्ही शेवटी हीच जागा घेतली, चालकाच्या शेजारच्या सीटखाली. पेटी आत ठेवायची, सबवूफरचं तोंड पायवाटेकडे. बसणाऱ्याला बेस कानाआधी पाठीत जाणवतो, त्यामुळे आवाज कमी ठेवला तरी समाधान होतं. तोटा म्हणजे कप्पा गेला.

मागचा कोपरा, इंजिनाच्या बाजूला. इथे दोन भिंती मिळतात, पण इंजिनाचा आवाज, पाण्याचे फवारे आणि पोहून वर चढणाऱ्यांचे ओले पाय हे सगळंही मिळतं. मला पटली नाही. पोकळ नळ्यांवर तरंगणारी मोठी सपाट पॉन्टून बोट असेल तर वेगळा विचार करा.

वजनही बघा. पेटीसकट दहा इंची सबवूफर सहज 15 किलोच्या पुढे जातो. चालकाच्या बाजूलाच बॅटरी आणि सबवूफर दोन्ही टाकले, की बोट उभी असतानाही एका अंगाला झुकते. पुढच्या टोकाला वजन वाढवलं तर वेगात नाक खाली जातं.

4. कापण्याआधी पाण्यावर ऐका

हा टप्पा कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

मित्राच्या कारमधली तयार सबवूफरची पेटी एका दिवसासाठी मागून आणा. ॲम्प्लिफायर तात्पुरता जोडा, फ्यूजसकट. बोट पाण्यात घाला, काठापासून लांब जा आणि ती पेटी नकाशातल्या प्रत्येक जागी ठेवून तेच एक गाणं वाजवा. ढोलकी किंवा तबल्याचा डग्गा असलेलं गाणं घ्या, फरक लगेच कळतो. इंजिन बंद असताना ऐका, मग चालू करून ऐका. पेटी ठेवताना तोंड आत, बाहेर, खाली असं फिरवून बघा.

आम्हाला या एका सकाळीत कळलं की मागच्या कोपऱ्यापेक्षा सीटखाली तीच पेटी कितीतरी भरदार वाजते. पोर्चमध्ये महिनाभर ऐकूनही हे कळलं नसतं.

5. सबवूफर आणि पेटी

सबवूफर दोन जातींचे येतात. एक, ज्याला पेटीच लागत नाही. बंद कप्प्याची मोठी पोकळीच त्याची पेटी. दुसरा, ज्याला ठरावीक मापाची बंद पेटी लागते. दोन्ही दिसायला भावंडंच. चुकीचा घेतला तर पेटीवाला उघड्यात फाटतो आणि बिनपेटीचा पेटीत गुदमरतो. माहितीपत्रकावर पेटीचं माप लिटरमध्ये किंवा घनफुटात दिलेलं असतं, ते आधी वाचा. लहान बोटीसाठी माझं मत पेटीच्या बाजूने आहे. कप्पा हवाबंद करण्यात दोन रविवार घालवण्यापेक्षा पेटी करणं सोपं.

दहा इंची घ्या. आठ इंची उघड्यावर कमी पडतो, बारा इंचीला जागा आणि बॅटरी दोन्ही जास्त लागतात.

"वॉटरप्रूफ" या शब्दावर भाळू नका. त्याऐवजी आयपीएक्स हा पाण्यापासून बचावाचा दर्जा बघा: आयपीएक्स 5 म्हणजे पाण्याची धार सोसतो, आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण बऱ्याच सबवूफरची ही हमी फक्त पुढच्या तोंडाची असते. मागचं चुंबक आणि कॉइल कोरडंच राहायला हवं. कोन प्लास्टिकचा आणि कडा रबराची घ्या. कागदी कोन आणि फोमची कडा आपल्याकडे टिकत नाही, मे महिन्यात 45 अंशांच्या पुढचं ऊन आणि लगेच जूनचा दमटपणा. कारचा सबवूफर स्वस्त पडतो म्हणून बोटीत टाकणारे आहेत. त्यांचा दुसरा पावसाळा विचारा.

पेटी कशाची? कार ॲक्सेसरीवाले एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, देतात. एमडीएफ पाणी पिऊन फुगतो. नागपुरात लकडगंजच्या लाकूडबाजारात जा आणि 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय मागा, शिक्क्यावर आयएस 710 हा मानक क्रमांक बघून. दुकानदार "तेच आहे दादा" म्हणत आयएस 303 देऊ बघतो. तो घरातल्या फर्निचरला ठीक, इथे नको.

मापाचं गणित सोपं आहे. आतून 35 × 35 × 20 सेंटिमीटर म्हणजे 24.5 लिटर. सबवूफर स्वतः दीड-दोन लिटर जागा खातो, उरले साडेबावीसच्या आसपास. दहा इंचीला हे बहुतेकदा जमतं, पण तुमच्या पत्रकातला आकडा अंतिम. सबवूफरची खोलीही मोजा, 20 सेंटिमीटरमध्ये मागे बोटभर तरी हवा राहिली पाहिजे. सुताराला बाहेरचं माप सांगितलंत तर तो तसंच करेल आणि आत जागा कमी पडेल. "आतून" हा शब्द तीनदा सांगा.

जोडांना गोंद आणि स्क्रू, आतल्या सांध्यांवर इपॉक्सी, बाहेरून इपॉक्सीचे दोन हात. कापलेल्या कडांवर जास्त, कारण प्लाय पाणी कडेनेच ओढतो.

6. सामान आणि कागद

जिगसॉ आणि बारीक दात्यांची पाती, ड्रिल, मास्किंग टेप, पुठ्ठा, इपॉक्सी, रबरी गॅस्केटची पट्टी, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, वॉशर आणि आत नायलॉनची कडी असलेले, कंपनाने न सुटणारे नट, वायरीची टोकं दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा पाना, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), मल्टीमीटर, धुळीचा मास्क आणि चष्मा. बोल्ट इतवारीच्या बाजारातून नगावर नाही, वजनावर घ्या, स्वस्त पडतात. गोड्या पाण्यात 304 दर्जाचं स्टील पुरतं, समुद्रात बोट नेणार असाल तर 316 घ्या.

कागदांत बोटीचं नोंदणीपत्र, विमा, जलाशयाची परवानगी आणि सबवूफर-ॲम्प्लिफायरची बिलं. बोटीत वायरिंगचा बदल केला की विमावाल्याला विचारून ठेवा.

7. कापणं

पुठ्ठ्याचा साचा करा. सबवूफरसोबत साचा येतो, तरी तो प्रत्यक्ष कड्यावर ठेवून बघा; छपाईत माप सरकलेलं मी पाहिलंय. जागेवर मास्किंग टेप लावा, वर्तुळ टेपवर काढा. टेपमुळे वरचा चकचकीत थर तडकत नाही.

मग मधोमध एकच बारीक भोक पाडा. त्यातून तार वाकवून घाला आणि फिरवा, मागे काही अडतं का बघा. कप्प्याच्या झाकणातून फोन आत घालून व्हिडिओ काढला तर केबल, नळी सगळं दिसतं. खात्री झाली की मगच करवत. बोटीच्या बाहेरच्या कवचाला, विशेषतः पाण्याच्या रेषेखाली, कधीही भोक पाडायचं नाही, बोल्टसाठीसुद्धा नाही.

फायबरची धूळ फुफ्फुसात आणि कातडीत जाते. बाह्या लांब, मास्क तोंडावर. मी अर्ध्या बाह्यांत कापलं आणि दोन दिवस हात खाजवले.

फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड किंवा फोम दिसला तर कापलेली कड इपॉक्सीने बंद करा. नाहीतर पाणी आत शिरून लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून पत्ता लागत नाही.

पातळ फायबरच्या पडद्यावर सबवूफर थेट लावू नका. पडदाच थरथरतो आणि बेस खातो. मागून प्लायची रिंग द्या आणि बोल्ट आरपार घ्या. पेटी असेल तर तीही कप्प्याच्या आतल्या भिंतीला आरपार बोल्टने बांधा, बाहेरच्या कवचाला नाही. लाटेवर आपटलेली बोट 15 किलोची सुटी पेटी कुठेही फेकू शकते. तोंड शक्यतो उभं ठेवा. आकाशाकडे तोंड असलेल्या कोनात पाणी वाटीसारखं साचतं.

8. वायर, फ्यूज, बॅटरी

500 वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात 12 व्होल्टवर 50 अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून तीन मीटरच्या आत असेल तर 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. ऋण वायरही तेवढीच जाड आणि थेट बॅटरीपर्यंत. कारमध्ये पत्र्याला जोडतो तसं इथे चालत नाही, फायबरमधून वीज जात नाही.

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून बघा. बोटीसाठीची कल्हई केलेली तार वरून पांढरी, आतून लाल. फसवी तार वरून लाल, आतून पांढरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ती गरमही होते आणि दमटपणात झिजतेही. बर्डीच्या बाजारात वायरिंग किटच्या नावाखाली मला हीच मिळाली होती, पहिल्या वेळी.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून 18 सेंटिमीटरच्या आत. ॲम्प्लिफायरजवळचा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायर घासून पेटण्यापासून बोट वाचवतो. दोन्ही हवेत.

गाण्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. 100 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. मध्यम आवाजात सरासरी 10 अँपिअर धरा, म्हणजे पाच तास. एकाच बॅटरीवर इंजिन आणि गाणी चालवलीत तर एखाद्या संध्याकाळी जलाशयाच्या मधोमध चावी फिरवाल आणि फक्त टिक ऐकू येईल. लहान आउटबोर्डचं चार्जिंग इतकं तुटपुंजं असतं की ॲम्प्लिफायरने ओढलेलं ते भरून काढत नाही.

ॲम्प्लिफायर हवा खेळेल अशा ठिकाणी, उभा, तळापासून वर लावा. काळ्या सीटखालच्या बंद कप्प्यात उन्हाळ्यात तो तापून स्वतःच बंद पडतो आणि आपण वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो.

9. सूर लावणं

लो-पास, म्हणजे सबवूफरला फक्त खालचे सूर देणारी मर्यादा, 80 ते 100 हर्ट्झवर. लहान स्पीकरना हाय-पास, म्हणजे फक्त वरचे सूर देणारी मर्यादा, तेवढ्याच आकड्यावर, म्हणजे ते फाटत नाहीत. बेस बूस्ट शून्यावर. फेजचं, म्हणजे सबवूफरची लाट उलटी-सुलटी करणारं, बटण दोन्हीकडे करून बघा, जिकडे बेस जास्त भरतो तिकडे ठेवा. गेन हे आवाजाचं बटण नाही, येणारा सिग्नल ॲम्प्लिफायरला जुळवून घ्यायचं बटण आहे. गाणं फाटायला लागलं की थोडं मागे घ्या आणि तिथेच सोडा. हे सगळं पाण्यावर करा, पोर्चमध्ये नाही.

10. काठावरच्या लोकांचाही विचार

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला बंदी आहे, ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे, आणि पाण्यावर आहोत म्हणून सूट मिळत नाही. पेंचसारख्या जंगलालगतच्या पाण्यात तर गाणी नकोतच. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड झाली की आवाज वर न जाता पाण्याला धरून लांब पसरतो. तुम्हाला कमी वाटणारा बेस पलीकडच्या गावात पोचतो. मासे खालचे सूर ऐकतात. ढीवर बांधव जाळी टाकून बसलेले दिसले की आम्ही सबवूफर बंदच करतो. एकदा केला नव्हता, तेव्हा एका म्हाताऱ्या बुवाने होडीतून फक्त हात हलवला. समजलं.

11. पहिल्या महिन्यानंतर

कंपनाने बोल्ट ढिले होतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पाना घेऊन सगळे परत आवळा, बॅटरीची टोकंही. पावसाळ्यात बोट ताडपत्रीखाली ठेवताना कप्प्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, कोंडलेल्या दमटपणाने टोकांवर हिरवं चढतं. आणि उंदीर. पोर्चमधल्या बोटीत ते हमखास घर करतात. आमची स्पीकरची वायर त्यांनी जुलैत दोन ठिकाणी कुरतडली. आता सगळ्या वायरी जाड नळीतून नेल्यात आणि नळीची तोंडं फोमने बुजवलीत.